गोष्ट आणि तिची परिभाषा

(नभोवाणीवरील भाषण)

कथानक, कलाटणी, उपरोध, प्रतीक, निवेदन हे शब्द मराठी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत आढळतात. प्रत्येक शब्दापुढे एक व्याख्या असते, व्याख्येखाली एक उदाहरण असते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्हींचे पाठांतर होते. भोसरी, निगडी, चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यातही घराघरांतून हेच चालते. या पट्ट्याचे मात्र एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ, माणदेश अशा चहूकडून माणसे पोटापाण्यासाठी येथे येऊन राहिली. २०१६ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे एकोणनव्वदावे अधिवेशन पिंपरीत भरले. त्यास याहून योग्य जागा क्वचितच मिळाली असती, कारण मराठीच्या बहुतेक बोली येथे एकाच गल्लीत कानी पडतात. या बोलींतून मराठीतील कितीतरी उत्तम गोष्टी लिहिल्या गेल्या आहेत. त्या बोली बोलणाऱ्या घरांतील मुले मात्र त्याच गोष्टींकडे व्याख्यांच्या वाटेने जातात.

ही वाट उलटी आहे. आधी व्याख्या व मागाहून गोष्ट, असा क्रम साहित्यात कधीही नव्हता. कोणी एकाने गोष्ट सांगितली. ऐकणाराला तीत काही निराळे जाणवले. ते निराळेपण पुन्हा भेटले तर ओळखता यावे म्हणून त्याला नाव पडले. ते नाव म्हणजे संज्ञा. तेव्हा संज्ञा शिकावयाची तर ती ज्या गोष्टीत सजीव आहे त्या गोष्टीजवळ जाऊनच शिकली पाहिजे. याचा दुसराही एक लाभ आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. काही संज्ञा गोष्टीवर प्रकाश टाकतात, तर काही संज्ञा तिच्यातले नेमके झोंबणारे तेवढेच झाकून ठेवतात. कोणती संज्ञा काय करते हे व्याख्येवरून कळत नाही, गोष्टीवरूनच कळते.

मराठीत गोष्ट आणि परिभाषा यांची जोडी फार जुनी आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी निरूपणाच्या ओघात सांगितलेल्या दृष्टान्तांचे केसोबासांनी संकलन केले. तोच महानुभाव पंथाचा 'दृष्टान्तपाठ'. त्यातील एकशे चौदा दृष्टान्तांची मांडणी तीन भागांत आहे. आधी सूत्र, म्हणजे सांगावयाचे तत्त्व. मग दृष्टान्त, म्हणजे प्रत्यक्ष गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतील कोणती बाब तत्त्वातील कोणत्या बाबीशी जुळते याचा उलगडा. जन्मांध माणसे हत्ती चाचपून पाहतात ही सुप्रसिद्ध कथा त्यात आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्यास तो खांब वाटतो, ज्याच्या हाती कान लागला त्यास सूप. गोष्ट चार ओळींची. पण तिच्यातला हत्ती कोण, आंधळे कोण, हे दार्ष्टान्तिक नेमके सांगून टाकते. ऐकणाराने दुसरा अर्थ काढू नये अशीच तेथे योजना आहे.

या जुन्या त्रयीकडे पाहिले म्हणजे रूपक आणि प्रतीक यांतील भेद, जो मुलांना सर्वांत अधिक छळतो, तो सहज उकलतो. वि. स. खांडेकरांनी 'रूपककथा' हा प्रकार मराठीत नावारूपास आणला. 'कलिका' हा त्यांचा रूपककथांचाच संग्रह होय. रूपककथेत झाड, पाखरू, दगड, देव बोलू लागतात, आणि त्या प्रत्येकामागे एखादी मानवी वृत्ती उभी असते. दार्ष्टान्तिक छापलेले नसले तरी वाचक ते मनातल्या मनात लिहू शकतो: अमुक म्हणजे त्याग, अमुक म्हणजे अहंकार. हिशोब पुरा होतो, बाकी काही उरत नाही. जेथे बाकी उरते, तेथे प्रतीक असते.

धारवाडास राहून इंग्रजी शिकविणारे आणि मराठीत लिहिणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांची 'स्वामी' ही कथा घ्यावी. एका मनुष्यास मठाचा स्वामी म्हणून मोठ्या सन्मानाने नेतात आणि भुयारासारख्या खोलीत जन्माचे कोंडून ठेवतात. त्या अंधारात एक वेल वाढते आणि झरोक्यातून येणाऱ्या उजेडाकडे चढत जाते. आता ही वेल म्हणजे काय? आशा, असे एक जण म्हणेल. आत्मा, असे दुसरा म्हणेल. कलावंताची निर्मिती, असे तिसरा म्हणेल. यातील एकही उत्तर चूक नाही आणि एकाही उत्तराने वेल संपत नाही. शिवाय ती सर्व वेळ खरीखुरी वेलच राहते, तिला पाने फुटतात, ती वाढते. प्रतीकाची ही खूण आहे: आधी ती वस्तू वस्तू म्हणून पटली पाहिजे. जी वस्तू केवळ अर्थासाठी गोष्टीत आणून बसविली आहे, ती प्रतीक म्हणून मिरविली तरी तिचा भुसा लगेच दिसतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'वेल हे आशेचे प्रतीक आहे' असे एक वाक्य लिहून मूल पुढे जाते, तेव्हा ते जी. एं.च्या कथेस दार्ष्टान्तिक जोडीत असते. त्याला गुण मिळतात. कथा मात्र चार ओळींची होऊन बसते.

आता कथानकाकडे वळावे. मराठी लघुकथेला आरंभापासून जी नावे मिळत गेली तीच तिचा इतिहास सांगतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत, आणि त्यांच्या जोडीला ज्या सुट्या गोष्टी येत त्यांना 'स्फुट गोष्टी' हे नाव पडले. स्फुट म्हणजे सुटे, किरकोळ. मुख्य जेवण कादंबरीचे, ही तोंडीलावणी. तरीही दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या गरीब माणसांवरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही हरिभाऊंची गोष्ट आजही वाचली जाते, आणि तिला किरकोळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पुढे १८९५ साली निघालेल्या 'मनोरंजन' मासिकात 'संपूर्ण गोष्ट' हा शब्द रूढ झाला, वि. सी. गुर्जर तिचे लोकप्रिय लेखक. संपूर्ण म्हणजे एका अंकात पुरी होणारी. त्यानंतर 'लघुकथा' हे इंग्रजी वळणाचे नाव आले, आणि १९४५ च्या सुमारास 'नवकथा'. पहिल्या तीन नावांत लांबीचा हिशोब आहे. चौथ्यात प्रथमच असा दावा आहे की गोष्टीचा जीवच बदलला.

लघुकथेच्या काळात तंत्राचे मोठे प्रस्थ माजले. ना. सी. फडके यांचा 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि कथा ही रचता येते, तिची जुळणी शिकता येते, हा विचार सुशिक्षित घरांतून पसरला. आरंभ चटकदार हवा, गुंतागुंत वाढत जावयास हवी, उत्कर्षबिंदू यावयास हवा आणि शेवटी कलाटणी हवी. यातील कलाटणी म्हणजे काय हे मोपासाँ या फ्रेंच लेखकाच्या १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या रत्नहाराच्या कथेवरून जगभर शिकविले जाते. एका सामान्य कारकुनाची बायको मेजवानीस जाण्यासाठी श्रीमंत मैत्रिणीकडून हार उसना आणते, तो हरवतो, तसाच दुसरा हार कर्ज काढून विकत घेऊन परत केला जातो, कर्ज फेडण्यात नवराबायकोची दहा वर्षे आणि तिचे रूप, तारुण्य सर्व खर्ची पडते, आणि मग कळते की मूळचा हार खोट्या हिऱ्यांचा होता.

शेवटचे हे वाक्य वाचून वाचक दचकतो, आणि कलाटणी म्हणजे दचका असे समजून चालतो. वस्तुतः नुसता दचका कोणीही देऊ शकतो. मोपासाँचे कसब मागे आहे. हार हरवल्यावर नवराबायको डबीवरील नाव पाहून जवाहिऱ्याकडे जातात, तेव्हा तो वह्या चाळून सांगतो की हार त्याच्या दुकानातून गेलेला नाही, त्याने फक्त डबी दिली असावी. वाचक हे वाक्य वाचतो आणि पुढे जातो, कारण त्याला नवऱ्याप्रमाणेच पैशांची चिंता लागलेली असते. वास्तविक सारे रहस्य तेथे उघडे ठेवलेले होते. याला पूर्वसूचना म्हणतात. जिच्या मागे पूर्वसूचना नाही ती कलाटणी म्हणजे लेखकाने ऐन वेळी बाहीतून काढलेले कबूतर होय. दुसऱ्या वाचनात जी अधिक रंगते तीच खरी कलाटणी, ही कसोटी घरच्या घरी कोणासही लावता येईल.

पण तंत्र मापाची पट्टी होऊन बसले की त्याचा जाच सुरू होतो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसे' हे पुस्तक १९४९ साली आले. त्यातील 'धर्मा रामोशी' या गोष्टीला फडके यांच्या मापाने कथानक नाही म्हटले तरी चालेल. एक म्हातारा, दरिद्री रामोशी. अंगावर धड कपडा नाही. निवेदक त्याला एक जुने धोतर देतो. पुढे पाहतो तो धर्मा पूर्वीच्याच चिंध्यांत, आणि ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर, लुगडे म्हणून. एवढेच. गुंतागुंत नाही, उत्कर्षबिंदू नाही. यास व्यक्तिचित्र म्हणावे की कथा, असा प्रश्न मग उभा राहतो. नाव काहीही द्यावे. पण येथे कलाटणी नाही असे मात्र म्हणता येत नाही. ती घटनेत नाही, पाहणाराच्या डोळ्यांत आहे. धोतर दिल्याचे जे समाधान निवेदकाच्या आणि त्याच्याबरोबर वाचकाच्या मनात होते, ते मुलीकडे दृष्टी जाताच लाजेत बदलते. घरात नागवेपण एकाचे नव्हते, आणि देणाराने मोजले मात्र एकाचेच. मोपासाँच्या कलाटणीहून ही कितीतरी हळू आवाजाची आहे, आणि या हळू आवाजासाठीच नवकथेला स्वतःची परिभाषा घडवावी लागली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि माडगूळकर ही चार नावे या संदर्भात नेहमी एकत्र घेतली जातात. त्यांच्याही आधी दिवाकर कृष्णांनी १९२७ च्या 'समाधी व इतर सहा गोष्टी' या संग्रहात घटनेकडून मनाकडे तोंड वळविले होते, हे विसरून चालणार नाही.

मनाकडे वळण्याच्या याच प्रवासात 'संज्ञाप्रवाह' हा शब्द मराठीत आला. (येथे संज्ञा म्हणजे जाणीव, नाव नव्हे, विद्यार्थ्यांचा यात नेहमी घोटाळा होतो.) बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ च्या 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत तो प्रयोग केला. कथेत त्याचा वापर थोडाच झाला, म्हणून येथे अधिक विस्तार नको.

उपरोधाचा विचार मात्र विस्ताराने करावयास हवा, कारण या एका शब्दाखाली मराठीत तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. बोलणाराने स्तुतीच्या शब्दांत निंदा केली की तो बोलण्यातला उपरोध. पात्राला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असले की तो परिस्थितीतला, नाटकी उपरोध. आणि माणसाने ज्यासाठी धडपड केली तेच नेमके हुकावे किंवा नको तेव्हा हाती यावे, त्यास मराठीत फार सुंदर शब्द आहे, दैवदुर्विलास. या तिसऱ्याचे उदाहरण म्हणून अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा दिली जाते.

भीमा हा वारणेच्या बाजूचा धिप्पाड गडी पोटासाठी मुंबईला येतो आणि उपनगरातल्या एका दगडाच्या खाणीत कामास लागतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. अंगमेहनतीवर संसार उभा राहतो. एके दिवशी खाण बंद पडते. हताश होऊन फिरताना स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते, आणि भीमाला नवा धंदा सापडतो. तो चितांची राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका रात्री प्रेतासाठी जमलेल्या कोल्ह्यांशी त्याला झुंजावे लागते. आणि त्यानंतर प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. बोटे वाचत नाहीत. दोन बोटे कापून टाकावी लागतात, आणि त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

येथे दैवदुर्विलास आहे, हे कोणीही सांगेल. काम मिळाले, पण काम करणारा हात गेला. कथेची बांधणी मोपासाँच्या तोडीची आहे, आणि तंत्रवाद्यांनाही तिच्यावर बोट ठेवता येणार नाही. परंतु दैवदुर्विलास हा शब्द उच्चारल्याबरोबर एक गोष्ट नकळत झाकली जाते. खाण दैवाने बंद केलेली नाही. पाऊस न पडणे, नदीला पूर येणे, अशा प्रकारची ती घटना नव्हे. खाण माणसे उघडतात आणि माणसेच बंद करतात. उघडण्याचा व बंद करण्याचा तो निर्णय कथेत दिसत नाही, त्याचा कर्ता कोठेही येत नाही, आणि भीमाच्या दृष्टीने तो दैवासारखाच वरून कोसळतो. अण्णा भाऊंनी हा कर्ता मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याची अनुपस्थिती हीच कथेतली सर्वांत भयंकर वस्तू आहे. कोल्हे नव्हेत, प्रेते नव्हेत. ज्या वाचकाच्या घरी पाळी, ओव्हरटाइम, टाळेबंदी हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, त्याला हे सांगावे लागत नाही. चिंचवड-भोसरीच्या वाचकाने 'दैवदुर्विलास' हे उत्तर लिहावे, पण लिहिताना दैव या शब्दाखाली एक रेघ ओढून त्यापुढे प्रश्नचिन्ह मांडावे.

राहता राहिली निवेदनाची गोष्ट. व्याकरणाच्या वळणाने शिकविल्यामुळे ही संज्ञा सर्वांत रुक्ष झाली आहे: 'मी'ने सांगितली तर प्रथमपुरुषी, 'तो'ने सांगितली तर तृतीयपुरुषी, सर्वांच्या मनातले सांगितले तर सर्वसाक्षी. ही वर्गवारी खोटी नाही. पण तिने हाती काही लागत नाही. प्रश्न वेगळा विचारावयास हवा. जो सांगतो आहे त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि सांगताना तो काय पणाला लावतो?

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा एका शेतकऱ्याच्या मुलाच्या तोंडून येते. बापलेक बाजारात टोमॅटो घेऊन गेले आहेत. भाव कोसळला आहे. उन्हातान्हात राबून पिकविलेला माल मातीमोलाने मागितला जातो, आणि शेवटी बाप तो सारा माल ओतून पायांनी तुडवू लागतो. ही घटना सर्वसाक्षी निवेदकाने सांगितली असती तर त्याला बाजारभावाची, दलालांची, शेतमालाच्या व्यवहाराची कारणे सांगता आली असती, आणि वाचकाच्या हाती एक अग्रलेख पडला असता. मुलाला कारणे ठाऊक नाहीत. त्याला बाप ठाऊक आहे. बापाचा चेहरा बदलत जातो एवढेच तो पाहतो, आणि वाचकाला न सांगितलेली कारणे स्वतः भरावी लागतात. शीर्षकातील चिखल मग प्रतीक होतो तो असा: तो खरोखरीच चिखल आहे, बाजाराच्या जमिनीवरचा, टोमॅटोच्या रसाचा, आणि तो लाल आहे. चाकणचा कांद्या-बटाट्यांचा बाजार ज्यांनी भाव पडलेल्या दिवशी पाहिला आहे, त्यांना तो रंग समजावून द्यावा लागणार नाही, माल निराळा असला तरी.

याहून अवघड निवेदक बाबूराव बागूलांचा. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील त्याच नावाच्या कथेत 'मी' आहे. गुजरातेत रेल्वेची नोकरी मिते, परगावी राहावयास घर हवे, आणि घर हवे तर जात सांगता येत नाही. तो ती सांगत नाही. त्याच्याच जातीचा दुसरा कामगार काशिनाथ मात्र काही न लपविता सर्वांशी उघड भांडतो. पुढे 'मी'ची जात उघडकीस येते, मारहाण होते, आणि काशिनाथच त्याला सोडवितो. मार खाल्ल्यानंतर हा निवेदक त्या मारणाऱ्या माणसांना दोष देत नाही. मारणारा हात त्यांचा नसून मनूचा होता, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

आता या कथेच्या शीर्षकाकडे पाहावे. चोरी दुसऱ्याच्या मालाची होते. स्वतःची जात माणूस कशी चोरील? येथे मराठी भाषेने लेखकाला एक देणगी दिली आहे. मराठीत चोरणे म्हणजे पळविणे, आणि चोरणे म्हणजे लपविणेही. अंग चोरून बसणे, नजर चोरणे, काम चोरणे, हे प्रयोग घरोघरी आहेत. अंग चोरणारा आपलेच अंग आवळून घेतो, कोणाला स्पर्श होऊ नये म्हणून. एका क्रियापदात दोन अर्थ एकाच वेळी उभे राहिले की त्यास श्लेष म्हणतात. आणि श्लेष हा शब्दांचा खेळ, पंडिती करमणूक, अशी बहुतेकांची समजूत असते. बागूलांच्या श्लेषात करमणूक नाही. निवेदक लपवितो, आणि जग त्याला चोर ठरविते, हे दोन्ही त्या एका शब्दात बसले आहे. स्पर्श टाळण्यासाठी आखडून घेतलेले अंगही त्यात आहे. २०१८ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा शीर्षकात लपविण्याचा अर्थ घ्यावा लागला व चोरीचा अर्थ मागे राहिला. भाषांतरकाराचा यात उणेपणा नाही. इंग्रजीत ते क्रियापद नाही.

आणि 'होती' हे शेवटचे पद. गोष्ट घडून गेल्यावर सांगितलेली आहे. सांगणारा आता काही चोरीत नाही. म्हणून येथे प्रथमपुरुषी निवेदन ही केवळ लेखकाची सोय उरत नाही. कथेच्या काळात ज्याला 'मी कोण' हे सांगण्याची चोरी होती, तो कथा सांगताना पहिला शब्द 'मी' असा उच्चारतो. हीच गोष्ट तृतीयपुरुषी केली तर एक शब्दही फारसा बदलणार नाही, आणि तरी गोष्ट मरेल. येथे आणखी एक खबरदारी घ्यावयास हवी. 'मी' म्हणजे लेखक, असे समजून बागूलांच्या चरित्रात या घटनेचा शोध घेणे ही वाचनाची चूक आहे. निवेदक हे लेखकाने उभे केलेले पात्र असते. मग त्याचे नाव 'मी' का असेना.

बोली हीसुद्धा निवेदनाचीच बाब आहे, जरी पुस्तकांतून तिला निराळ्या प्रकरणात टाकतात. पूर्वी प्रमाणभाषेत निवेदन आणि बोलीत संवाद अशी वाटणी असे: लेखक शुद्ध बोलणार, पात्रे अशुद्ध. या वाटणीत एक उच्चासन दडलेले आहे, हे फार दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. माणदेश आणि मराठवाडा कथेत आला तो आधी संवादांपुरता; पुढे निवेदनही बोलीत झाले, आणि तेव्हा सांगणारा व ज्याच्याविषयी सांगावयाचे तो एकाच जमिनीवर आले. पाठ्यपुस्तकात अशी गोष्ट छापली म्हणजे शेवटी कठीण शब्दांचे अर्थ द्यावे लागतात, आणि ज्यांच्या घरी ते शब्द रोज बोलले जातात ती मुलेही, छापलेले म्हणून, ते अर्थ पाठ करतात. चाकणच्या एखाद्या घरी मूल 'लाल चिखल' मोठ्याने वाचीत बसले असेल आणि मराठवाड्याकडून आलेली आजी शेजारी भाजी निवडीत ऐकत असेल, तर तिला अडेल असा शब्द गोष्टीत सापडणार नाही. तो खालच्या स्वाध्यायात सापडेल: 'निवेदक'. निवेदक म्हणजे कोण रे, असे ती विचारील. मुलाला व्याख्या आठवणार नाही, म्हणून ते उलट तिलाच विचारील की ही गोष्ट कोण सांगतंय, आज्जी? ती मान वर न करता म्हणेल, "कोण म्हंजी? त्याचं पोरगं. त्यानंच तर बघितलं समदं."